पडदेवाल्याचा ड्रम

पडदेवाल्याला दोन गोष्टींचा मनापासून राग होता. एक, खिडकीचं माप अंदाजाने सांगणारं गिऱ्हाईक. दोन, संगणकात आयते मिळणारे ड्रमचे आवाज. पहिला राग दुकानाचं शटर खाली ओढलं की निवळायचा. दुसरा घरी त्याची वाट बघत बसलेला असायचा.

घरातली मागची खोली त्याने गाण्यांसाठी घेतली होती. घेतली होती म्हणजे बायकोच्या ताब्यातून हळूहळू काढली होती. आधी टेबल आलं, मग संगणक, मग स्पीकर, मग स्टँडवरचा माइक, आणि शेवटी इस्त्रीचं टेबल बाहेर गेलं. तिथे स्पीकर लावून तो इंटरनेटवरून उतरवलेले ड्रम एकेक करून ऐकायचा. त्यांना नावं तरी काय एकेक! कुणी ‘वजनदार’, कुणी ‘धुळकट’, कुणी ‘जुन्या गोदामातला’. ऐकायला जावं तर वजनदार म्हणजे पुठ्ठ्याचं खोकं आपटल्यासारखा, आणि गोदामातल्याला गोदाम सोडाच, साधी मोरीही नशिबात नव्हती. एकटा ऐकला की बरा वाटायचा. गाण्याखाली ठेवला की मेलाच.

“हा कालच्यापेक्षा वेगळा आहे?” बायको दारातून विचारायची.

“खूप.”

“मला तर तोच वाटतो बाई.”

ती खोटं बोलत नव्हती, म्हणून तो जास्तच चिडायचा.

दुसरं कुठलं गाणं असतं तर त्याने केव्हाच गुंडाळून ठेवलं असतं. पण हे ताईचं गाणं होतं. ताई म्हणजे त्याची मोठी बहीण. नवरा गेल्यापासून ती त्याच्या दुकानात बसायची. पडद्याच्या वरच्या चुण्या हाताने टाचण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि टाचताना ती गायची. कुणाकडे शिकलेली नव्हती, पण आवाज असा की पडदे ठरवून झालेली माणसंही उगाच आणखी कापड चाचपत रेंगाळायची. मग तिच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशनच्या आधीच्या रविवारी दुकान बंद ठेवून त्याने तिथे माइक लावला आणि तिनेच रचलेलं एक गाणं तिच्याकडून गाऊन घेतलं. पुढे गाठ साधी निघाली आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. आवाज मात्र गेला. आता ती बोलायची ते कुजबुजल्यासारखं, आणि जरा जोर लावला की खोकल्याची उबळ.

म्हणजे ताईचा आवाज आता त्या गाण्यापुरताच उरला होता, आणि ते गाणं वर्ष होत आलं तरी पुरं होत नव्हतं. त्यात ताईच्या मुलीने तिला आपल्याकडे कायमचं न्यायचं ठरवलं. येत्या शनिवारी निघायचं होतं. साड्यांची बांधाबांध, औषधांची पिशवी, सगळं झालं. ताईने भावाकडे एकच मागितलं, “जाताना गाणं तेवढं दे.”

“मग द्या ना नुसतंच, ड्रम नसला म्हणून काय झालं?” बायको म्हणाली.

नुसतंच त्याने शंभरदा ऐकलं होतं. सूर पक्का, शब्द स्वच्छ, लय सरळ रेघेत, आणि तरीही ऐकताना ताई समोर बसल्यासारखी वाटायची नाही. कुठेतरी काहीतरी कमी होतं, आणि ते ड्रमच असणार, याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती.

आयते आवाज ऐकून झाले, तेव्हा त्याने घर बडवायला घेतलं. कपाटाचं दार बडवलं, गादी बडवली, पालथी बादली बडवली, लाटण्याने सुटकेस बडवली.

“अहो, कपाटाला काय झालंय?”

“काही नाही. आवाज बघतोय.”

“बिजागरी सुटलीय, तीही बघा.”

शेवटी नाक मुठीत धरून त्याने मेहुण्याला गळ घातली. बायकोचा हा धाकटा भाऊ एका बँडमध्ये खरा ड्रम वाजवायचा, आणि ते लोकांना विसरू द्यायचा नाही. मंगळवारी तो सगळा सरंजाम घेऊन आला. पडदेवाल्याने तयारीत कसूर ठेवली नव्हती. आवाज घुमू नये म्हणून भिंती झाकायच्या असतात, हे त्याने वाचलं होतं, आणि दुसऱ्याकडे नसेल इतकं कापड त्याच्याकडे होतं. चारी भिंतींवर मखमल, तिच्यावर अस्तर, छताला जाड सुती कापड, दारावर रजई. शिवाय सगळ्याला सुरेख चुण्या. धंद्यातला माणूस, सपाट कापड टांगणं त्याच्या हातून होतंय कुठे? मेहुणा आत शिरला आणि त्याला खोकला आला. तो खोकलाही खोलीने गिळून टाकला.

मेहुण्याने वाजवलं. घाम गाळून वाजवलं. पडदेवाला हेडफोन लावून बसला आणि त्याचा चेहरा उतरत गेला. पायाचा ड्रम उशीला गुद्दा घातल्यासारखा, आणि हाताचा, कुणीतरी लांबच्या घरात सतरंजी झटकल्यासारखा.

“जरा जोरात मार.”

“भाऊजी, याहून जोरात मारलं तर कातडं फाटेल. आणि मारतोय कशावर? ड्रमवर का लोडावर?”

मग भिंती उघड्या केल्या. आता प्रत्येक ठोका खोलीभर सैरावैरा धावायला लागला आणि खालच्या मजल्यावरचे आजोबा काठीने छत ठोकू लागले. काठीचा तो आवाज मात्र माइकमध्ये झकास आला. मेहुणा हसत सुटला. पडदेवाल्याने त्याला चहाही न विचारता वाटेला लावलं आणि संध्याकाळी बायकोची बोलणी खाल्ली.

गुरुवारी दुपारी ताई स्वतःच आली. जमिनीवर मखमलीचा ढीग पडलेला, कपाटाचं दार एका बिजागरीवर लोंबणारं, आणि त्या सगळ्यात भाऊ डोकं धरून बसलेला. तिने सगळीकडे नजर फिरवली आणि आवाज न करता हसली.

“नाही जमत, ताई,” तो म्हणाला. “हात टेकले मी. सगळं करून बघितलं.”

“मी वाजवू?”

“तू?”

ताईने पर्समधून अंगुस्तान काढलं. सुई ढकलताना बोट सोलवटू नये म्हणून घालायची ती पितळी टोपी तिच्याजवळ कायम असायची. ती बोटावर चढवून तिने टेबलाशी खुर्ची ओढली आणि त्याच्यावर वाजवायला लागली. तळव्याने धप, टोपीने टक. मधेच नखांची हलकीशी सर. पडदेवाला ताडकन उठला. त्याने घाईघाईने माइक वळवला आणि तिला थांबू न देता रेकॉर्ड करून घेतलं. ती डोळे मिटून वाजवत होती आणि तिचे ओठ गाण्याचे शब्द म्हणत हलत होते.

हाच. इतके दिवस शोधत होता तो हाच आवाज. त्याने तो लगेच गाण्याखाली ठेवला आणि स्पीकर लावला.

जुळेना. पहिल्या ओळीत ठोके पुढे गेले, दुसरीत आणखी पुढे, अंतऱ्याच्या आधी क्षणभर रेंगाळले आणि तिथे गाणंच पुढे निघून गेलं. त्याने मागेपुढे सरकवलं, ताणलं, आवळलं. एक जागा बसली की दुसरी उसवायची.

“ताई, तू धावतेस गं,” तो करवादला. “आणि जिथे धावायचं तिथे थांबतेस. गाणं बघ कसं सरळ चाललंय.”

ताईने टोपी काढून टेबलावर ठेवली. बोलायला तिला वेळ लागायचा.

“गायलेय मीच,” ती कुजबुजली. “वाजवतेयही मीच. जुळत नसेल तर मधे तू काहीतरी केलंयस.”

ताईने फोन काढला, डोळ्यांपासून लांब धरून बराच वेळ शोधून एक रेकॉर्डिंग लावलं. त्या रविवारी मुलीला ऐकवायला म्हणून तिने आपला फोनही टेबलावर चालू करून ठेवला होता. हे त्याला ठाऊकच नव्हतं.

बारक्या, खरखरीत स्पीकरमधून ताई गायला लागली. चढावर धावत होती, अंतऱ्याच्या दारात थांबत होती, मधेच हसली होती. खाली कापड बेतायच्या टेबलावर तळवा आणि टोपी. धप, टक. कशाखाली काही ठेवायची गरजच नव्हती. ताई इथे अशी होती की आत्ता मान वळवून सुई मागेल.

पहिलंच कडवं संपत होतं आणि मधेच एक वैतागलेला आवाज घुसला. त्याने तो लगेच ओळखला.

“थांब, थांब. ताई, टेबल वाजवू नकोस गं, सगळं खराब होतंय. ही मखमल घे हाताखाली. आणि हे कानात घाल, त्यात ठोके वाजतील, त्यांच्याबरोबरच गायचं. इकडेतिकडे पळायचं नाही.”

“बरं,” फोनमधली ताई म्हणाली. खणखणीत, भरलेल्या आवाजात.

मग कापडाची घडी सरकवल्याचा आवाज, आणि पुढे ते संगणकातलं गाणं सुरू झालं, अगदी सरळ रेघेत. म्हणजे नीट असं एकच कडवं होतं, आणि पुन्हा गायला गळा नव्हता. स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटली त्याला. ताईने फोन बंद केला आणि टोपी पर्समध्ये टाकली.

“माझ्याकडे आहे माझं,” ती म्हणाली. “मला वाटलं, तुझ्याकडे पूर्ण असेल.”

त्याने नकारार्थी मान हलवली. मग खाली पडलेली मखमल उगाचच घडी करायला घेतली, आणि घडी होईना तेव्हा म्हणाला, “ताई, ते मला पाठव.”