व्याह्यांचा पब

लातूरहून निघताना ह्यांनी एकच बजावलं. "पोरगा चांगला असंल, पण बाप दारू विकतो. नीट बघून ये. तू हाव म्हणलीस तर हाव." इंग्लंडमध्ये मुलीनं स्वतःच जमवलेल्या लग्नाचा निकाल असा माझ्यावर येऊन पडला. हयातभर मुख्याध्यापकी केलेली बाई निकाल लावायला घाबरते थोडीच!

यॉर्कशरमधलं ते गाव आपल्या रेणापूरएवढंही नव्हतं. आपल्याकडे दारूचा अड्डा म्हणजे काळ्या काचा आणि मळका पडदा. इथे खिडकीत फुलांच्या कुंड्या. आत काळ्या तुळया, भिंतीतली शेकोटी, तिच्यापुढे घोरणारं कुत्रं आणि बियर पीत स्वेटर विणणाऱ्या एक आजी. त्यांच्याकडे मी जरा जास्तच वेळ बघितलं.

मुलगी गाडी लावत होती. मी टेबलाशी बसून वेटरची वाट पाहिली. कुणी फिरकेना, तेव्हा हात वर करून खणखणीत हाक मारली, "अहो भाऊ!" सगळा पब वळून बघायला लागला. "इथे आपणच काउंटरला जायचं असतं," आजी हसत म्हणाल्या. काउंटरला रांग नव्हती, तरी कोण आधी आलं ते प्रत्येकाला ठाऊक होतं. आपल्या बसस्टँडवर हे जमायचं नाही.

काउंटरमागे लँडलॉर्ड (पबच्या मालकाला तिकडे असंच म्हणतात), म्हणजे माझे होऊ घातलेले व्याही. त्यांनी मला चहा दिला, मी डब्यातले धपाटे पुढे केले. त्यांनी ते व्हिनेगर शिंपडून खाल्ले. गाडी लावून आलेली मुलगी माझ्या तोंडाकडे बघायला लागली.

तेवढ्यात लालबुंद चेहऱ्याचा एक माणूस रिकामा ग्लास घेऊन आला.

"आज पुरे," व्याही म्हणाले.

तो चिडला. व्याह्यांनी शांतपणे त्याच्या गाडीची किल्ली मागून घेतली, खुंटीला अडकवली आणि स्वतःच्या मुलाला, म्हणजे आमच्या होणाऱ्या जावयाला, त्याला घरी सोडायला पाठवलं. गिऱ्हाईक परत पाठवणारा दारूवाला मी पहिल्यांदाच पाहिला. कंधारचा माझा दादा आठवला. दारूनंच गेला तो. मला रडू आवरेना. मुलीला वाटलं, धपाट्यांचं मनाला लागलं.

लातूरला पोचले तेव्हा हे दारातच उभे.

"काय गं, हाव का न्हाई?"

"हाव."

"आन् दारू?"

"विकतात. पण पुरे कवा म्हणायचं, ते कळतंय त्यांना. आपल्या दादाला असं म्हणणारा कुणी भेटला असता, तर पोरीच्या मागं मामा म्हणून उभा राहिला असता."

ह्यांनी माझी बॅग आत नेली. संध्याकाळी गुरुजींशी फोनवर बोलताना ऐकू आलं, "पाव्हणे बिलायतेचे हायत. हाव, दारूचंच दुकान हाय. तुमी मुहूर्त बघा."