पन्नासची की शंभरची

फुलं जेमतेम आठवडाभर टिकणार होती आणि बायकोचा प्रबंध त्यांच्यावरच अडला होता.

ऐंशीच्या दशकाची अखेर होती, आम्ही बदलापूरला कुळगावात राहत होतो. मागच्या टेकडीवर कातळात ज्वारीच्या दाण्याएवढी निळी फुलं यायची. एक बारीक काळी माशी त्यांचं परागीकरण करते, हे तिनं दोन वर्षं डोळ्यांनी पाहिलं होतं. तिचे मार्गदर्शक टेकडी कधी चढलेच नव्हते, त्यामुळे अशी माशी नसते याची त्यांना पक्की खात्री होती. "फोटो आणा, नाहीतर तो भाग गाळा," ते म्हणाले. मुदत दिवाळीपर्यंतची होती. पुढच्या वर्षाची आशा नव्हती. कातळावर खाणवाल्यांनी चुन्याच्या रेघा मारून ठेवल्या होत्या.

कॅमेरा होता, बारीक वस्तू मोठी टिपणारी मॅक्रो लेन्स नव्हती. उल्हासनगरच्या एका सिंधी दुकानदाराकडे दोन जुन्या लेन्स निघाल्या, एक पन्नास मिलिमीटरची, एक शंभरची. मी अंबरनाथच्या कारखान्यात माल तपासायचो. नाकारणं हाच माझा पेशा. भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवलं, दोन्ही लेन्सनी फोटो काढले, रोल धुऊन आणला आणि चारी कोपऱ्यांतली अक्षरं भिंगाखाली वाचली. त्यात दोन दिवस गेले. शंभरच्या लेन्सला कडेला बुरशी होती, कोपऱ्यातली अक्षरं किंचित पुसट. पन्नासची निर्दोष.

"निकालना क्या है, साईं?" दुकानदारानं विचारलं.

"फूल." इतक्या तपासणीनंतर माशी म्हणायची मला लाज वाटली.

"फिर यही लो. फूल किधर भागता है?" त्यानं पन्नासची पुढे केली.

टेकडीवर पालथं पडल्यावर कळलं. फूल नीट मोठं दिसायला पन्नासची लेन्स चार बोटांवर न्यावी लागे; शंभरचीनं तेवढंच मोठं दुप्पट लांबून दिसलं असतं. तिची सावली फुलावर पडली की माशी उडे.

"अहो, जरा लांबून घ्या ना."

"लांबून टिंब येतं. तुझे सर म्हणतील, शाई सांडली."

ती हसली नाही. तिसऱ्या दिवशी निम्मी फुलं सुकली होती. मी धावतपळत दुकान गाठलं. शंभरची लेन्स आदल्या दिवशीच एका दातांच्या डॉक्टरनं नेली होती.

"आपने तो फूल बोला था," दुकानदार म्हणाला. त्याचं काही चुकलं नव्हतं.

शेवटच्या सकाळी तीनच फुलं उरली होती. बायको श्वास रोखून शेजारी पडून राहिली, मी रोल संपवला. छत्तीस फोटो आले. फुलाचा केस न् केस मोजता येत होता. माशी एकाही फोटोत नव्हती.

मार्गदर्शकांनी फोटो खिडकीशी धरून पाहिले. "वा, काय धार आहे," म्हणाले, आणि बायकोकडे न बघता लाल पेन्सिलीनं माशीच्या दोन पानांवर काट मारली. घरी येऊन तिनं प्रबंधातल्या पुढच्या पानांचे आकडे खोडून नव्यानं घातले. मी रबर धरून शेजारी बसलो होतो.