कुळथाचं पिठलं आणि रत्नागिरीत झालेली माझी शोभा

गृहविज्ञान शिकवते म्हटलं की लोक विचारतात, "म्हणजे स्वयंपाकच ना?" आमच्या कोल्हापूरच्या कॉलेजात तर विभागाला 'भाजी-भाकरी डिपार्टमेंट' असंच नाव पडलंय. त्यामुळे रत्नागिरीहून विद्यार्थी नेतृत्व आणि गृहव्यवस्थापन स्पर्धेचं भारदस्त पत्र आलं, तेव्हा मी ते स्टाफरूममध्ये दोनदा मोठ्याने वाचलं आणि तीन मुलींची नावं धाडून दिली. कॅप्टन दीक्षा: बोलणं कमी, पण प्रॅक्टिकलची भांडी सगळ्यांकडून घासून घेणारी. सोबत वैष्णवी आणि मुस्कान.

जाणार असाल तर सकाळची एसटी धरा. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे शंभर-सव्वाशेत समुद्र गाठता येतो. आंबा घाटात खिडकी आणि पिशवी दोन्ही हाताशी ठेवा. वैष्णवीने नुसतीच खिडकी धरली होती. पुढचं समजून घ्या. साखरप्याला चहा बरा मिळाला. पालीपासून हातखंब्यापर्यंत रस्त्याचं काम बघत गेलो. बघायला वेळ भरपूर होता.

मुक्काम मिरजोळ्याजवळच्या एका वसतिगृहात. शेजारच्या खाणावळीत दोन-अडीचशेत सुरमईची थाळी मिळाली. सोबत सोलकढी, हवी तेवढी.

"कोल्हापूरच्या ना गो तुम्ही? फिकं लागेल हो तुम्हांला," मालकीणबाई म्हणाल्या.

"छे, छान आहे," मी सभ्यपणे म्हटलं. तोवर मुस्कानने पर्समधून कांदा-लसूण चटणीची डबी काढली होती.

"अगो बाये! त्या सुरमईनं काय पाप केलंन?"

दुसऱ्या दिवशी स्पर्धा. प्रत्येक संघाला एका कुटुंबाची चिठ्ठी मिळाली. आमच्या चिठ्ठीतल्या घरात आई नर्स, मुलगा पाच वर्षांचा, आणि आजोबांना रक्तदाब, म्हणजे मीठ बेतानं. दीड तासात कामं वाटून जेवण बनवायचं आणि शेवटी कॅप्टनने परीक्षकांना सगळा हिशेब समजावायचा. सामान तिथलंच: कुळथाचं पीठ, तांदूळ, नारळ, आमसुलं. शिक्षकांनी मागच्या खुर्च्यांवर गप्प बसायचं, हा नियम.

गप्प बसणं हा माझा विषय नाही. पाणी प्यायच्या निमित्ताने मी उठले आणि आमच्या ओट्याजवळच्या खिडकीशी जाऊन उभी राहिले. पिठलं रटरटत होतं. मला वाटलं, ह्या मीठ विसरल्या.

"वैष्णवी! मीठ!"

वैष्णवीने बिचारीने चमचाभर टाकलं. मुस्कानने ते आधीच टाकलेलं होतं.

दीक्षाने चव घेतली. मग सरळ खिडकीशी आली. "मॅडम, तुम्ही हॉलबाहेर थांबा की. इथं कॅप्टन मी आहे."

परीक्षक तेवढे चहाला गेले होते, बाकी सगळ्या कॉलेजांनी ऐकलं. मी बाहेर गेले. दाराच्या फटीतून बघत राहिले, ती गोष्ट वेगळी. वीस मिनिटं उरली होती. दीक्षाने मोठ्या पातेल्यात नारळाचं दूध ओतायला लावलं, भात बिनमिठाचा ठेवायला सांगितला आणि आजोबांसाठी छोट्या कढईत नवीन पिठलं टाकलं. आवाज कुठंच चढला नाही.

शेवटी मलाही आत बोलावलं. परीक्षकबाईंनी पातेल्यातलं पिठलं चाखून विचारलं, "हे खारट कसं झालं?"

"सूचना दोन ठिकाणांहून आल्या," दीक्षा म्हणाली. "कुणाचं ऐकायचं ते मी आधीच ठरवून द्यायला हवं होतं. चूक माझी. आजोबांचं वेगळं केलंय."

परीक्षकबाई खूश झाल्या. इथे माझ्यातला प्रामाणिकपणा उसळला. हात वर करून मी म्हणाले, "ती दुसरी सूचना माझी होती."

बाहेरची मदत म्हणजे दहा गुण वजा. मुली दुसऱ्या येणार होत्या, चौथ्या आल्या.

संध्याकाळी भाट्याच्या किनाऱ्यावर वैष्णवी आणि मुस्कान पाण्यात खेळत होत्या. दीक्षा माझ्यापासून हातभर लांब बसली होती.

"खरं कशाला सांगितलंत मॅडम?"

"खरं होतं म्हणून."

"मी पण खोटं बोलले नव्हते. जबाबदारी घेतली होती. वर्गात तुम्हीच शिकवलंय." मग म्हणाली, "सांगायचंच होतं तर आधी मला विचारायचं."

मोकळं व्हायचं होतं मला, आणि गुण गेले त्यांचे. "चुकलं माझं," एवढंच म्हटलं. तिने हातातले शेंगदाणे पुढे केले.

कोल्हापूरला परतून आठवडा झाला. रत्नागिरी कशी, विचाराल तर जरूर जा. सोलकढी प्या, चटणी घरी ठेवा. मी आणलेलं प्रमाणपत्र सहभागाचं आहे, आणि खरं सांगायचं तर मी त्यात गरजेपेक्षा जास्तच सहभाग घेतला.

काल दीक्षा पुढच्या स्पर्धेसाठी पहिल्या वर्षाच्या मुलींची तयारी करून घ्यायला लागली. मी प्रयोगशाळेच्या दारात पोचले, तर म्हणाली, "मॅडम, तुम्ही स्टाफरूममध्ये बसा. लागलं तर बोलावते."

बसले. दीड तास बसले. कुणीही बोलावलं नाही.