फिरता आहेर

मिलमधली बरी नोकरी सोडून मी सोलापुरात, भवानी पेठेत टॉवेलचा कारखाना काढला. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, दोन जुने यंत्रमाग आणि शेडपेक्षा मोठी पाटी. लग्नात आहेराला टॉवेल-टोपी लागतेच, लग्नं काही थांबत नाहीत, मग धंदा कशाला थांबेल, असा माझा हिशेब. पहिली लगनसराई झोकात गेली. दुसरीला व्यापारी मालाकडे बघेनात. एक माग बंद ठेवावा लागला. दुसराही थांबला असता, तर मिलच्या साहेबापुढे हात जोडून उभं राहण्याशिवाय गती नव्हती.

अशात बार्शीला मावसभावाच्या लग्नाला गेलो. आमच्या मामांनी मला टोपी घातली, खांद्यावर टॉवेल टाकला. बायकोनं सवयीनं त्याचा काठ चाचपला आणि पदर तोंडाला लावून हसायलाच लागली.

"अहो, हा तुम्हीच विणलेला!"

काठ नागमोडी. तसा काठ अख्ख्या सोलापुरात मी एकट्यानंच काढला होता, माग शिकताना. तो टॉवेल आम्ही अक्कलकोटच्या एका लग्नात खपवला होता. आता घरी परत आला, तोही कोऱ्या घडीत.

मी विचारलं, "मामा, आहेराचा टॉवेल कुणी वापरत नाही का हो?"

"वापराया येडं हाय का कोण? ठिवायचा, म्होरच्या लग्नात द्यायचा. लई टिकतो की तुमचा माल!"

परतताना एसटीत मी म्हणालो, "लवकर विरणारं सूत घालू का?"

"वापरतच नाहीत, तर विरेल कशानं?" बायको म्हणाली. "नवरा-नवरीची नावं छापा त्यावर. मग देऊन दाखवू दे दुसऱ्याच्या लग्नात!"

छापली. आपल्या लेकीचं नाव घरोघर जाणार म्हटल्यावर वधूपित्यांना अशी हौस आली, की ते थेट शेडवर येऊ लागले. बंद माग पुन्हा खडखडला.

पुढच्याच एका लग्नात मामांच्या खांद्यावर आमचा छापील टॉवेल पडला. मामा माझ्याकडे बघून ओरडले, "आता ह्यो कुणाला देऊ मी?"

"तोंड पुसा की, मामा!"

नाइलाजानं पुसलं. मग मानही पुसली.

"ब्येस हाय की रं! घरात वापराया चार दे धाडून. पर कोरे दे. दुसऱ्याच्या बायकूचं नाव तोंडावर फिरवलं, तर तुजी मामी घरात घ्यायची न्हाय!"