पाठमोऱ्या आईचा फोटो

आई गेली तेव्हा धाकटी बहीण रांगत होती. पुढे एका पावसाळ्यात बदलापूरच्या आमच्या घरात नदीचं पाणी शिरलं आणि अल्बमचा लगदा झाला. आईचा एकच फोटो उरला, वांगणीच्या नातेवाइकांकडचा, त्यांच्या घरच्या लग्नातला. त्यात सगळे कॅमेऱ्याकडे बघून हसताहेत आणि आई भाताचं पातेलं घेऊन पाठमोरी उभी. वाढायचं सोडून फोटोसाठी वळणारी बाई ती नव्हतीच.

बहीण आठवीत गेली आणि मला विचारू लागली, आई दिसायची कशी? मी सांगायचे, मोठ्या डोळ्यांची, सावळी. पण सांगून कुणाला चेहरा दिसतो?

त्याच सुमारास उल्हासनगरच्या एका फोटो स्टुडिओत कॉम्प्युटर आला. शेजारच्या काकूंचे दिवंगत सासरे बंडीतून कोटात आले, तेव्हापासून आमच्या चाळीत त्या मशीनला अशक्य असं काही उरलं नव्हतं. मावशी म्हणाली, "बंडीचा कोट होतो, मग नुसती मान वळवायला काय हरकत आहे?" मला हसू आलं. पण आशा मलाही होतीच.

स्टुडिओवाले सिंधी काका फोटो बघून म्हणाले, "बेटी, चेहरा फोटो में है ही नहीं, तो मशीन कहाँ से लाएगा? दुसऱ्या कोणाचा लावून देतो, बोला."

मावशीनं लगेच पर्समधून स्वतःचा पासपोर्ट फोटो काढला. "माझा लावा. सख्खी बहीण आहे मी तिची." जिवंतपणी स्वतःच्या चेहऱ्याला हार घालून घ्यायला निघालेली बाई मी दुसरी पाहिली नाही.

फोटो घरी आला. बहीण हरखून बघत राहिली. वडिलांनी मात्र तो मावशीच्या हातात परत दिला. "तुम्ही शंभर वर्षं जगा. तुम्हाला भिंतीवर नाही लावणार." मग बहिणीला म्हणाले, "बाळा, ही आई नाही. हा चेहरा रोज समोर राहिला तर मलासुद्धा खरा आठवायचा नाही."

बहीण खूप रडली. मी वडिलांवर चिडले, दोन दिवस धड बोललेही नाही. आज वाटतं, एकीनं चेहरा देऊ केला आणि दुसऱ्यानं तो घेतला नाही. दोघांचेही माझ्यावर फार उपकार आहेत.

वडिलांनी मूळ फोटोतली पाठमोरी आईच मोठी करून आणली. तेवढं मशीनला छान जमलं होतं. छोट्या फोटोत गर्दीत हरवलेली तिची पावलं आता नीट दिसत होती. एका पावलावर दुसरं पाऊल ठेवून ती उभी होती.

मावशी फोटोकडे बघता बघता बहिणीच्या पायांकडे बघू लागली. मग आम्ही सगळेच. शेवटी बहिणीनंही खाली पाहिलं. तीही तशीच उभी होती.

कितीतरी वेळ तिनं पाय हलवला नाही.