दहावं काडतूस

“कागद पोरीच्या हातात अन् बंदूक म्हाताऱ्याची. कोण कुणाला घेऊन चाललंय, काय माहीत,” रांगेत मागे उभा असलेला माणूस बायकोला म्हणाला.

मला ऐकू आलं. मोठ्या काकांनाही आलं असणार. फौजेतून निवृत्त झाल्यावर त्यांना हैदराबादला बंदूकधारी पहारेकऱ्याचं काम मिळालं होतं. बंदूक स्वतःची हवी, ही अट. मी दसऱ्याची सुट्टी संपवून तिकडेच नोकरीवर परतत होते. सेनगावहून नांदेडच्या विमानतळावर येताना बंदूक विमानातून नेण्याचा त्यांचा फॉर्म जीपमध्ये मीच भरला, कारण तो इंग्रजीत होता. काडतुसं किती, विचारलं तर म्हणाले, “धा.” मी दहा लिहिलं.

काउंटरवर पेटी उघडली. हवालदारानं नळी रिकामी असल्याचं पाहिलं, मग डब्यातली काडतुसं टेबलावर मांडली. नऊ.

“धाच हायेत, साहेब,” काका म्हणाले.

“मग ही नऊ काहून? फॉर्मात नोकरीसाठी नेतोय लिहिलंय. परवाना जप्त झाला तर ती इथंच संपली, काका.”

मला परवाची दुपार आठवली. शिवारात मोठा आवाज झाला होता, आणि जेवताना काका म्हणाले होते, “डुकरं लई मातून राहिलीत.” तेव्हापासून मी त्यांच्याकडे जरा वेगळ्या नजरेनं बघत होते. दहावं काकांनीच डुकरांवर झाडलं, अशी आता खात्रीच वाटली. माझ्या अक्षरात खोटं लिहून घेतलं म्हणून रागही आला.

“तुमी मोजली होती का, मॅडम?”

मी मान हलवली. हो की नाही, ते मलाच कळलं नाही.

काका खिसे चाचपत होते. “खंडेनवमीला पूजेत मांडली, तवा मीच मोजली, बाई. मग तुझ्या मोठ्या आईनं डब्यात भरली.”

निघताना मोठ्या आईनं, म्हणजे काकूनं, माझ्या पर्समध्ये लाल फडक्याची पुरचुंडी कोंबली होती. “पोचल्यावर ह्यांच्या देवापुढं ठेव. पूजेतलं एक तरी संगं आसावं.” हळकुंड-सुपारी असेल समजून मी बघितलंही नव्हतं.

मी पर्समध्ये हात घातला. फडक्यातून बोटांना लागलं ते हळकुंडापेक्षा जाड होतं, गुळगुळीत, आणि बुडाशी धातूची कड. बाहेर काढलं तर मी संशयित, गप्प बसले तर काका. हवालदार माझ्या हाताकडेच बघत होता.

“साहेब,” मी म्हणाले, “दहावं माझ्या पर्समध्ये आहे. पूजेचं आहे. मी हात बाहेर काढते, तुम्हीच उघडा.”