आक्काचं बरोबर उत्तर

मंगळवारी सकाळी सव्वासहाला, निपाणीच्या दवाखान्यात, आक्का गेली. जवळ तिचा मुलगा, सून आणि मी, असे तिघे होतो. वय एकोणसाठ. दोन महिने हृदय साथ देत नव्हतं, म्हणजे अगदीच अचानक नव्हे. तरी...

आक्का माझी थोरली बहीण. ती नववीत असताना आई अंथरुणाला खिळली. मी तीन वर्षांचा होतो. मला सांभाळायला तिनं शाळा सोडली. पुढं नातवंडं शाळेत जाऊ लागल्यावर तिनं मुक्त शाळेतून दहावीचा अर्ज भरला. "एकदा पास व्हायचंय रं मला," म्हणाली. मी बेळगावात पतसंस्थेचे हिशेब तपासतो, त्यामुळे गणित माझ्याकडं आलं. रोज संध्याकाळी फोनवर शिकवायचो.

उणे घातांकापाशी ती बरेच दिवस अडली. मग वाट तिनंच काढली. "दोनाचा घातांक उणे दोन, म्हणजे भाकरी दोनदा मोडायची. चतकोर ऱ्हाती. चतकोर उणी कशी असंल?" बरोबर होतं.

एका संध्याकाळी गणित होतं, x³ + 4x⁻², आणि x ची किंमत उणे दोन. तिचं उत्तर उणे सात. मी गडबडीत म्हणालो, "उणे नऊ. उणे दोनाला उणे घातांक, म्हणजे उणे एक चतुर्थांश."

"उणेचा वर्ग अधिक न्हाय व्हय? खाली नेला तरी चारच की."

"आक्का, हिशेब मी तपासतो का तू?"

"बरं साहेब. खोडते बघा," म्हणून ती हसली.

परीक्षेत तेच गणित आलं. "तू सांगितलास तसंच सोडवलं," ती बाहेर येऊन म्हणाली. गणितात दोन गुणांनी राहिली. निकालानंतर मी प्रश्नपत्रिका घेऊन बसलो. उणे दोनाचा वर्ग चार, तो छेदात. चार भागिले चार, एक. उणे आठ अधिक एक, उणे सात. तीन गुणांचं गणित होतं. मी तिला म्हणालो, पेपर अवघड होता, फेरपरीक्षेचा अर्ज भरला आणि रोजचं शिकवणं चालू ठेवलं.

खरं सांगितलं ते दवाखान्यात, ती जायच्या आदल्या दिवशी.

"मला ठावं हुतं," ती म्हणाली. "निकालादिवशीच परत सोडवून बघितलं."

"मग बोलली का न्हाईस?"

"चुकलं म्हणून शिकवायचं सोडलं असतास तर? रोज फोन कुणी केला असता रं?"

फेरपरीक्षा तिच्या दिवसकार्यातच आली. मी केंद्रावर गेलो आणि फाटकाबाहेरच्या बाकावर तीन तास बसलो. घंटा झाल्यावर बाहेर आलेल्या एका बाईंकडून प्रश्नपत्रिका मागून घेतली. आक्काला जी येत होती तेवढीच गणितं तिथं बसून सोडवली आणि गुण मांडले. दोनदा बेरीज केली. शंभरात अडुसष्ट झाले.